सालीसकट खायचा वाटाणा : परसातला एक वाफा

बाजारातून एक किलो मटार आणला की सोलल्यावर हाती जेमतेम अर्धा किलो दाणा येतो. टरफले बकरीपुढे जातात, पण पैसे त्यांचेही मोजलेले असतात. या हिशेबाने पाहता सालीसकट खायचा वाटाणा आपल्या कारागीर व दुकानदार बांधवांनी परसात लावून पाहण्यासारखा आहे. साध्या मटाराच्या शेंगेला आतून चिवट पापुद्रा असतो, या वाटाण्यात तो नसतो. त्यामुळे शेंग घेवड्यासारखी, फक्त शिरा काढून, अख्खी शिजवता येते.

यात चपट्या शेंगेचा प्रकार जुना आहे. फुगीर व गोड शेंगेचा ‘शुगर स्नॅप’ अमेरिकेत कॅल्विन लॅम्बॉर्न यांनी संकरातून तयार केला आणि तो १९७९ साली बाजारात आला. आपल्या देशात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ‘मिठी फली’ आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अपूर्वा’ हे वाण दिले आहेत. नुसते बी पाहून प्रकार ओळखता येत नाही, म्हणून पाकिटावरचे वाणाचे नाव वाचूनच घ्यावे. रोपवाटिकेत ‘स्वीट पी’ नावाचे फुलांचे बी मिळते, त्याच्याशी गल्लत करू नये. त्या वेलाच्या शेंगा व बिया विषारी असतात. औषध लावलेले रंगीत बी उरले तर ते कोंबड्या-बकऱ्यांनाही घालू नये.

अक्कलकुव्यात खरा प्रश्न उन्हाचा आहे. पाऊस संपला तरी ऑक्टोबरात दिवसा चांगलेच तापते, आणि पारा ३० अंशांच्या वर राहिला की या पिकाचा फुलोरा गळतो. घाई न करता ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी टोकावे. डाब, मोलगीकडे डोंगरात थंडी अधिक, तिथे थोडे आधी चालेल. डिसेंबरात लावलेले पीक मात्र शेंगा भरायच्या वेळी उन्हात सापडते.

दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा पुरे. कुजलेले शेणखत मिसळून दोन फुटांवर दोन ओळी आखाव्यात. दोन-अडीच इंचांवर एक बी, इंचभर खोल टोकावे. शंभराच्या आसपास बी लागते, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या पाकिटात तूट भरूनही उरते. युरिया घालू नये. वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः घेतात, वरून दिला तर पाला वाढतो आणि शेंगा कमी लागतात. उंच वाणाला आधार लागतो. मागच्या हंगामातल्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काट्या रोवून सुतळी ओढली की काम झाले. पाणी बुंध्याशी द्यावे, फुलोऱ्यात ताण पडू देऊ नये. कोवळ्या कोंबांवर पाखरे तुटून पडतात, तेव्हा जुनी जाळी टाकावी. तरी चार कोंब गेलेच, तर पेरलेल्यातून पाखराने खाल्लेलेही सदका ठरते, हे आपण जाणतोच.

औषधाबाबत मात्र सावध राहावे. इथे साल फेकली जात नाही, त्यामुळे सालीवर फवारलेले विष सरळ ताटात येते. अळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा, दिसेल ती अळी हाताने वेचावी. ढगाळ हवेत पानांवर भुरी येते. रोगट पाने काढून जाळावीत, ओळी दाट ठेवू नयेत.

तोडणी हाच या पिकाचा धंदा आहे. चपटी शेंग आत दाणा नुसता जाणवू लागताच तोडावी, फुगीर शेंग भरली पण हिरवी-कुरकुरीत असताना. दिवसाआड तोडले नाही तर शेंग चिवट होते, शिवाय झाड नवी फुले कमी धरते. दुकान उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे याला पुरतात, आणि मोठ्या शेतकऱ्याला मजुरीमुळे जे परवडत नाही ते घरच्या माणसांना इथे परवडते.

उत्पन्नाची भलती आशा धरू नये. हेक्टरी ८० क्विंटल धरले तरी एवढ्या वाफ्यातून तीनेक किलो शेंगा निघतील, त्याही महिनाभरात थोड्या थोड्या. विकायचे असेल तर निदान गुंठाभर जागा हवी, त्यात ८० किलोंच्या आसपास माल येईल. गिऱ्हाइकाला ही शेंग नवी असते. पहिल्याच पावशेरात दोन चिवट शेंगा निघाल्या तर तो पुन्हा येणार नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा जून शेंगा टोपलीच्या तळाशी दडपू नयेत, त्या सोलून दाणा वेगळा विकावा. माल सकाळी तोडून त्याच दिवशी संपवावा, ठेवला की गोडी उतरते.

वाटाणा स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून घरचे बी तसेच उतरते. निरोगी चार झाडे तोडणीतून वगळून ठेवावीत. शेंगा वेलावर वाळल्या की साल दाण्यांना घट्ट चिकटून सुरकुतते. जिची साल फुगून ताठ राहते, तिच्यात पापुद्रा आहे. तिचे बी पुढच्या वर्षासाठी घेऊ नये.