खासबागेशेजारचे नाट्यगृह

तालीम हा शब्द कोल्हापुरात दोन अर्थांनी नांदतो. मल्ल घुमतात ती तालीम. नट नाटक बसवितात तीही तालीमच. राजर्षी शाहू महाराजांनी या दोन्ही कलांना एकमेकींच्या शेजारी जागा दिली. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्यावरून खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले आणि त्याला लागूनच १९१५ साली 'पॅलेस थिएटर' खुले झाले. प्रेक्षागारात मध्ये खांब नसल्यामुळे मागच्या रांगेतील सामान्य माणसासही रंगमंच नीट दिसे. राजाने बांधलेल्या वास्तूत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे या नाट्यगृहास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांचा जन्म १८९० सालचा, कोल्हापूरचाच. मुलांनो, १९०८ साली 'ललितकलादर्श' ही नाटकमंडळी त्यांनी काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते! ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ते व बालगंधर्व 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. दोघे परस्परांच्या स्पर्धक मंडळ्यांचे धनी. पण त्या रात्री स्पर्धा बाजूस राहिली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहास आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच जळाला, छप्पर कोसळले. बाहेर जमलेल्या कलावंतांना अश्रू आवरेनात. दर्शनी दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्याच आधाराने पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.