खरूज : ऊब कातडीला नको, कपड्यांना द्या

खरूज झालेल्या पोराला सोसवेल तितक्या कढत पाण्याने न्हाऊ घालायचे आणि कडुनिंबाच्या पाल्याने खसाखसा घासायचे, ही आपल्या जानेफळ-मेहकर भागातली जुनी रीत. खाज घटकाभर थांबते, खरूज जात नाही. कातडी मात्र सोलपटते.

उष्णतेने कातडीतले परोपजीवी मरतात, हे खोटे नाही. राजस्थानात बिकानेर भागात वालुमाशीच्या चाव्यातून लेश्मानिया नावाच्या परोपजीवीचा फोड होतो. त्यावर जागा बधिर करून यंत्राने ५० अंश सेल्सिअस उष्णता ३० सेकंद देण्याचा उपचार तेथे यशस्वी झाला. पण तो फोड ठराविक जागी असतो. खरजेचा किडा बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला, जांघेत बिळे करून राहतो. तेवढी उष्णता साऱ्या अंगाला दिली तर लेकरू भाजेल.

हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात रोज दोन-तीन अंडी घालते. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर तो नकळत घरभर खरूज वाटत असतो. म्हणून खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावावे. ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांतही लावून ८ ते १४ तास ठेवावे. आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. दुकानातून मागून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब नकोच. तिने खाज दबते आणि किडे वाढतात.

उष्णतेचे खरे काम कपड्यांत आहे, आणि त्याला खर्च सरपणाचा. ५० अंशांवर १० मिनिटांत किडा मरतो; उकळते पाणी तर १०० अंशांचे. मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, टॉवेल मलम धुण्याच्या सकाळीच उकळत्या पाण्यात घालावेत. गोधडी कोण उकळणार? मे महिन्यात आपल्याकडे पत्र्यावर ती तापते खरी, पण आतपर्यंत किती तापली हे कळत नाही. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावी. अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. त्यासाठी रोज मलम चोपडू नये. खाजवून फोडांत पू झाला तर दाखवावे. त्यातून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. मुलाचे तोंड सुजले किंवा लघवी लालसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.