समुद्रांतील मासे कसे मोजावे?

आमच्या वऱ्हाडास समुद्रकिनारा नाहीं. तथापि समुद्राशीं आमचा संबंधच नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. अकोल्याची मोर्णा व अमरावतीजवळची पेढी या दोन्ही नद्या पूर्णेस मिळतात. पूर्णा चांगदेवाजवळ तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रांत जाते. उलटपक्षीं अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गानें बंगालच्या उपसागरास पोंचते. एकाच जिल्ह्यांत पडलेल्या पावसाचें पाणी असें दोन समुद्रांची वाट धरतें. आणि अरबी समुद्रांतला बोंबील किनाऱ्यावर वाळून आमच्या आठवडी बाजारांत येतो. हा बोंबील तुमच्या मुलांनाहि बाजारांत दिसेल काय? हा प्रश्न कसा सोडवितात, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम उत्तर अरबी समुद्राचा स्वभाव पाहूं. हिवाळ्यांत उत्तरेकडून कोरडा व थंड वारा वाहतो. त्यानें पृष्ठभागाचें पाणी निवतें, बाष्पीभवनानें अधिक खारें व जड होतें आणि खालीं बसतें. या घुसळणीनें खालच्या थरांतील क्षार वर येतात. त्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पति वाढतात; त्यांवर सूक्ष्म जीव, त्यांवर लहान मासे व कोळंबी, आणि त्यांवर मोठे मासे जगतात. शेतास जसें खत, तशी समुद्रास ही घुसळण. परंतु सुमारें दीडशें मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या खोलींत या समुद्राच्या पाण्यांत प्राणवायु फारच थोडा असतो. हा थर वर सरकला तर माशांची राहण्याची जागाच आकुंचित होते. म्हणून नुसते मासे मोजून भागत नाहीं. पाण्याची उष्णता, क्षार, प्राणवायु आणि सूक्ष्म जीव हें सारें बरोबरच मोजावें लागतें.

आतां मोजावयाचें कसें? आखणीचा पहिला नियम असा कीं, जहाज हाकारण्यापूर्वीं प्रश्न निश्चित करावा. "समुद्रांत काय आहे?" हा प्रश्न नव्हे. "या वर्षीं किती मासे काढले असतां पुढील वर्षीं तितकेच पुन्हां निपजतील?" हा प्रश्न होय.

दुसरा नियम नमुन्याचा. कापसाची गाडी बाजारांत आली म्हणजे शहाणा व्यापारी सारा कापूस उपसून पाहत नाहीं. तो वरून, मधून व खालून मूठ मूठ काढतो. वरचीच मूठ पाहणारा फसतो. समुद्राचेंहि तसेंच आहे. जेथें मासे दाट आहेत तेथेंच जाळें टाकून हिशेब केला, तर तो वरच्या मुठीचा हिशेब झाला. म्हणून संशोधनाचें जहाज नकाशावर आधीं ठरविलेल्या ठिकाणींच जाळें टाकतें. तेथें मासे मिळोत वा न मिळोत. रिकामें जाळें हेंहि एक उत्तर आहे, व तें वहींत लिहावेंच लागतें.

तिसरा नियम श्रमाचा. गेल्या वर्षीं शंभर बोटींनीं जितके मासे आणले, तितकेच यंदा दोनशें बोटींनीं आणले असें समजा. बाजारांतील ढीग तेवढाच दिसेल; परंतु दर बोटीचा वांटा निम्मा झाला. म्हणून ढिगाबरोबर बोटी, तास आणि जाळीं यांचीहि नोंद ठेवावी लागते.

चौथा नियम वयाचा. थंड समुद्रांतील माशाच्या कानांत जो लहान खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडाप्रमाणें दरवर्षीं एक वलय पडतें. योहान योर्ट या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानें १९१४ सालीं दाखविलें कीं, १९०४ सालीं जन्मलेली हेरिंग माशांची एकच पिढी पुढें कित्येक वर्षें जाळ्यांत आधिक्यानें येत होती. म्हणजे एका चांगल्या वर्षाच्या पुण्याईवर अनेक वर्षें पोसलीं जातात! आमच्या उष्ण समुद्रांत हीं वलयें तितकीं स्पष्ट उमटत नाहींत. म्हणून येथें महिनोंमहिने माशांची लांबी मोजून वाढीचें अनुमान काढतात. परक्या देशाची रीत जशीच्या तशी उचलून चालत नाहीं, हा धडाहि यांतून घ्यावा.

हे नियम मोडले तर काय होतें? कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर १९६८ सालीं सुमारें आठ लक्ष टन कॉड मासा पकडला गेला. पुढें साठा घटत चालला. लहान होड्यांचे कोळी मासे कमी झाल्याची तक्रार करीत होते. परंतु मोठ्या बोटींची भरघोस पकड पाहून साठा मुबलक आहे असा अंदाज बांधला गेला. मासे उरले होते तेथें गोळा झाले होते, आणि सुधारलेल्या बोटी नेमक्या तेथेंच जात होत्या. वरच्या मुठीवरून गाडीची पारख झाली! अखेर २ जुलै १९९२ रोजीं मासेमारी बंद करावी लागली. सुमारें तीस हजार माणसांची रोजी गेली. ती बंदी उठावयास २०२४ साल उजाडलें.

या अनुभवानें राष्ट्रें थोडीं शहाणीं झालीं. उत्तर ध्रुवाभोंवतालचें बर्फ वितळून नवा समुद्र मोकळा होत आहे. तेथें जाळीं पडण्यापूर्वींच २०१८ सालीं एक करार झाला व २०२१ पासून तो अमलांत आला. सुमारें अठ्ठावीस लक्ष चौरस किलोमीटर समुद्रांत निदान सोळा वर्षें व्यापारी मासेमारी करावयाची नाहीं, आधीं संशोधन करावयाचें, असें त्यांत ठरलें. आमच्या देशाचेंहि 'हिमाद्रि' नांवाचें संशोधनकेंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे.

आमच्या किनाऱ्यावरहि हें कार्य चाललें आहे. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. ती बंदराबंदरांतून नमुने घेऊन देशाच्या पकडीचा अंदाज करते. १९५९ ते १९६५ या काळांत अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं हिंदी महासागराची पाहणी केली, आणि १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था निघाली. १९८४ पासून 'सागर संपदा' हें जहाज मासे व पाणी या दोहोंचा अभ्यास करीत आलें आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. पालकहो, त्या दोन महिन्यांत कोळ्याच्या घरीं चूल कशी पेटते, याचा विचार आपण शेतकरी माणसांनीं अवश्य करावा. ज्या आकड्यांवरून कोणाची रोजी थांबते, ते आकडे खरेच असले पाहिजेत.

मुलांनो, समुद्र दूर आहे. पण मोजण्याचा अभ्यास घरींच करतां येतो. दर शनिवारीं, एकाच वेळीं, एकाच विहिरींत दोर सोडून पाण्याची खोली मोजा व वहींत लिहा. एखादे शनिवारीं चुकलें तर जागा कोरी सोडा. अंदाजानें आकडा भरूं नका. वर्षाच्या अखेरीस ती वही तुम्हांस आपल्या गांवच्या पाण्याविषयीं जें सांगेल, तें कोणतेंहि पुस्तक सांगणार नाहीं.