मोबाईल आणि आपली खाजगी माहिती

दुसऱ्याच्या नावे आलेले पत्र आपण फोडत नाही. स्वतःचे पासबुकही चारचौघांत उघडे टाकत नाही. परंतु मोबाईल हातात आला की तोच माणूस एक बटण दाबून स्वतःची आणि इतरांचीही माहिती परक्याच्या हवाली करतो. बँकेच्या काउंटरवर बसून आम्हांस हे वारंवार दिसते. म्हणून हा लेखप्रपंच.

खाजगीपणा ही श्रीमंतांची चैन नव्हे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. मात्र हक्क नुसता कागदावर असून भागत नाही. तो जाणून वापरावा लागतो.

नवे ॲप घेतले की ते परवानग्या मागते : संपर्क यादी, फोटो, माइक, आपले ठिकाण. नकाशाच्या ॲपने ठिकाण विचारणे रास्त आहे. पण खेळाच्या ॲपला आपल्या मामांचा, गुरुजींचा, कचेरीतील साहेबांचा नंबर कशाला हवा? ते नंबर आपल्या फोनमध्ये असले तरी आपल्या मालकीचे नाहीत. त्या माणसांना कोणीही विचारलेले नसते.

याचे सर्वांत कटू उदाहरण म्हणजे झटपट कर्ज देणारी बेकायदा ॲप. नडलेला विद्यार्थी थोड्या रकमेसाठी सर्व परवानग्या देऊन मोकळा होतो. हप्ता थकला की वसुलीवाले त्याच्या यादीतील नातेवाइकांना फोन करतात, बदनामीचे संदेश पाठवितात, फोटोत फेरफार करून धमकावतात. २०२० साली तेलंगणात अशा छळाला कंटाळून काहींनी जीव दिला. कर्ज एकाचे, पण अब्रू साऱ्या घराची! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की, कर्जाच्या ॲपने संपर्क यादी, कॉलची नोंद किंवा फोनमधील फाइली पाहू नयेत. सबब, जे कर्जाचे ॲप संपर्क यादी मागते ते नियम मोडते, एवढे ओळखले तरी पुष्कळ संकट टळेल.

आता थोडे आपल्या घरातले. शिष्यवृत्तीच्या दिवसांत आधार कार्ड, जातीचा दाखला, पासबुकाचे पहिले पान यांचे फोटो सर्रास ग्रुपवर टाकले जातात. हेतू चांगला असतो. परंतु ग्रुपमधील ज्यांनी तो कागद उतरवून घेतला, त्यांच्या फोनमधून तो आपणांस काढता येत नाही. ज्याला कागद हवा त्यालाच तो द्यावा. कार्यकर्त्यांनीही तो पुढे पाठवू नये.

पुढील गोष्टी सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात :

१. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक ॲपच्या परवानग्या पाहाव्यात व अनावश्यक त्या बंद कराव्यात.

२. जेथे चालत असेल तेथे आधारचे शेवटचे ४ अंकच दिसणारी प्रत द्यावी.

३. ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे पाठविण्यास यूपीआय पिन लागतो. पैसे घेण्यास तो कधीच लागत नाही.

४. व्हॉट्सॲपला ६ अंकी पिनची दुसरी कडी लावावी.

५. फसवणूक झाल्यास न लाजता ताबडतोब १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांचे फोन तुम्हीच हाताळता. तेव्हा हे काम प्रथम तुमचे. परवानगीचे बटण दाबण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : ही माहिती दिल्यावाचून माझे काम अडते काय? आणि ही माहिती माझ्या एकट्याची आहे काय? स्वतःचा हक्क जपताना दुसऱ्याचा हक्क जपणे, हेही सुशिक्षिताचे कर्तव्य होय.