मातीचा घोडा घरी आणताना: खर्च किती, कागद कोणते?

पुरातन वळणाचा मातीचा घोडा किंवा मानवाकृती आवडली, तरी लगेच भाव विचारू नका. आधी तीन गोष्टी विचारा: माती कोणती, किती तापमानाला भाजली, हाताने घडवली की साच्यातून काढली? किंमत योग्य की जास्त, हे या उत्तरांवरूनच कळते.

टेराकोटा साधारण 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. तो पाणी शोषतो, म्हणून पावसाची झड येणाऱ्या बाल्कनीत ठेवू नका. स्टोनवेअर 1200 अंशांच्या वर भाजतात. ते टणक असते आणि महागही. साच्यातले शिल्प असेल तर एकूण प्रती किती आणि तुमची कितवी, हे बिलावर लिहून घ्या.

कुठे घ्याल? पारंपरिक घोडा हवा असेल तर पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातले पांचमुडा गाव गाठा. तिथल्या टेराकोटा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातभर घोडा काही शे रुपयांत मिळतो, कमरेएवढ्याला काही हजार लागतात. कान आणि शेपूट सुटे असतात, ते खोक्यात आहेत का हे निघण्यापूर्वी पाहा. आजच्या शिल्पकाराचे काम हवे असेल तर मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीपासून सुरुवात करा. प्रदर्शने बहुधा आठवडाभर चालतात आणि शिल्पकार अनेकदा तिथेच भेटतो. पहिल्या दिवशी निवड चांगली मिळते, पण शिल्प हातात सहसा प्रदर्शन संपल्यावरच पडते.

खासगी गॅलरीच्या किमतीत एक तृतीयांश ते निम्मा वाटा गॅलरीचा असू शकतो. म्हणून घासाघीस गॅलरीशी करा, शिल्पकाराशी नको. मूळ शिल्पे आणि हस्तकलेच्या वस्तूंवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे. सांगितलेली किंमत करासह की कराशिवाय? बैठक, पॅकिंग, वाहतूक, विमा धरून की वेगळे? चारही आकडे लेखी मागा.

खरा फटका वाहतुकीत बसतो. कुरिअर कंपन्या वजनाऐवजी अनेकदा आकारमान धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचे. खोके 60 × 30 × 60 असेल तर 21.6 किलोचे पैसे जातील, घोडा आठ किलोचा असला तरी! विमा उतरवताना ‘फुटतूट’ त्यात धरली आहे का, ते वाचा. नाजूक वस्तू बऱ्याचदा वगळलेल्या असतात. खोक्यात खोके करून घ्या आणि उघडताना सलग व्हिडिओ काढा.

घेण्यापूर्वी पाय आणि मान नीट पाहा, कारण तडा तिथेच जातो. बोटाने हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर बरे, बद्द आला तर भेग किंवा डागडुजी असण्याची शक्यता धरा. रंग भट्टीतला की वरून लावलेला, तेही विचारा. वरून लावलेला रंग ओल्या फडक्याने जाऊ शकतो. ऑर्डर देऊन करून घेणार असाल तर दोन-तीन महिने हाताशी ठेवा. जाड माती सावकाश वाळावी लागते. घाई केली तर शिल्प भट्टीत फुटते. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

‘जुना आहे, स्वस्तात देतो’ असे कोणी म्हटले तर थांबा. शंभर वर्षांहून जुने शिल्प 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते विकायचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. चीनच्या तांग राजवटीतले (618 ते 907) म्हणून विकल्या जाणाऱ्या घोड्यांत नकली माल फार आहे. माती शेवटची कधी भाजली हे चाचणीतून कळते, पण नमुना घेतला तेवढ्याच जागेपुरते. नव्या घोड्यात जुना तुकडा बसवलेला असू शकतो.

नवे शिल्प परदेशातल्या मुलांकडे पाठवणार असाल तर ते जुने दिसते, हीच अडचण होते. सीमाशुल्क विभागाने हरकत घेऊ नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्या. त्यासाठी बिल आणि फोटो तयार ठेवा.

बिलावर शिल्पकाराचे नाव, वर्ष, माध्यम, माप आणि जीएसटी क्रमांक हवा. सोबत शिल्पकाराच्या सहीचे प्रमाणपत्रही मागा. शिल्प विकताना, विम्याचा दावा करताना किंवा परदेशी पाठवताना हेच दोन कागद तुमच्या कामी येतील.