मैदान घराजवळ हवं

दोन मुलांना वाढवताना कोल्हापुरातली बरीचशी मैदानं, तालमी आणि पोहण्याचे तलाव मी पाहिले. कुठे मुलं रमली, कुठे चार दिवसांत कंटाळली. यातून जे कळलं ते नव्या पालकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. आधी अंतर पाहा. मूल एकटं चालत किंवा सायकलवर जाऊ शकेल तोच खेळ टिकतो. शहराच्या दुसऱ्या टोकाचं उत्तम मैदान आई-बाबांच्या गाडीवर अवलंबून राहतं, आणि गाडी कुठल्या ना कुठल्या कामात अडकतेच. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या मुलांना तालीम गल्लीच्या तोंडाशी मिळते. उपनगरांत मात्र ले-आउटमध्ये राखलेली ओपन स्पेस असते, पण तिच्यात गाड्या लागतात, मांडव पडतात, आणि मुलं रस्त्यावर खेळतात.

२. तालमीला नुसता कुस्तीचा आखाडा समजू नका. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे संघ म्हणून गाजतात. सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ स्टेडियमकडे निघते. थोरली पोरं धाकट्यांना हाताला धरून आणतात आणि तीच त्यांना पास कसा द्यायचा, पडल्यावर कसं उठायचं हे शिकवतात. प्रशिक्षकाची फी भरून ही सोबत मिळत नाही.

कुस्तीच्या तालमीत आणखी एक गोष्ट दिसते. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातल्या, तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात आणि ती फावड्याने उकरून मऊ ठेवतात. हे काम पैलवान पोरंच करतात. जो त्या मातीत लढणार, तोच ती राखणार. हौद्याची निगा आणि अंगमेहनत एकाच वेळी होते. शहरातली जी मैदानं मला नीट राखलेली दिसली, तिथे खेळणाऱ्यांचा हात मैदानाला लागत होता. देखभाल फक्त ठेक्यावर सोपवली की गवत वाढतं आणि दिवे बंद पडतात.

३. मुलांना खेळ बघायलाही न्या. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभारलं. मधे आखाडा आणि भोवती उतरती बैठक, अशी त्याची रचना आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. ज्याच्या खिशात पुढच्या जागेचे पैसे नाहीत त्याचाही विचार त्यात आहे. माझ्या मुलाला ढाक आणि कलाजंग हे डाव तिथेच ओळखता येऊ लागले.

४. मुलीसाठी चौकशी वेगळी करावी लागते. स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आहे का, कपडे बदलायला आडोसा आहे का, परतीच्या वाटेवर दिवे आहेत का, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. एका वस्तादांना विचारलं, "मुलींना येऊ देता का?" ते म्हणाले, "येऊ द्या की, वहिनी. पण आधी चार दिवस स्वतः येऊन बसा, बघा, मग ठरवा." इतका चांगला सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही. नेमबाजीत 2010 ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत, दोघी याच शहराच्या. मुलींनी काय करून दाखवायचं ते दाखवलं आहे, आता कडी-कोयंडा आणि दिवे ही आपली जबाबदारी.

५. पोहण्याची फी भरण्याआधी तलाव चालू असताना पाहून या. जीवरक्षक पाण्याकडे बघतो आहे की मोबाइलकडे? तळ स्वच्छ दिसतो का? एका तलावाची उन्हाळ्याची फी आम्ही भरली आणि ऐन मे महिन्यात दुरुस्तीसाठी तो बंद झाला. मुलांची सुट्टी तशीच गेली. दुरुस्ती पावसाळ्यात करावी, एवढी साधी मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी.

६. जून ते सप्टेंबर मैदानांत चिखल असतो. तेवढ्यापुरता छताखालचा खेळ शोधा: मल्लखांब, टेबल टेनिस, बॅडमिंटन. तासावर पैसे घेणारी टर्फ चांगली असतात, पण रोज तेवढे पैसे देणं सगळ्यांना झेपत नाही.

७. पैशाअभावी एखादं मूल मागे पडत असेल तर गल्लीने उभं राहावं. पैलवान खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबांनी तिथे जिंकलेलं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्याला घर गहाण टाकायचं नाही, एका मुलाचे बूट घ्यायचे आहेत.

८. घरातल्या वडीलधाऱ्यांचाही खेळावर हक्क आहे. पहाटेचा रंकाळा आणि शिवाजी विद्यापीठाचा परिसर त्यांच्यासाठीच आहे असं समजा आणि त्यांना सोबत द्या.

तुमच्या ले-आउटमधली ओपन स्पेस नेमकी कुठे आहे, हे या आठवड्यात मंजूर नकाशावर पाहून घ्या. तिथे काही उभं राहण्याआधी चार मुलांना चेंडू घेऊन पाठवा, आणि पहिले काही दिवस तुम्हीही तिथे जाऊन थांबा.