रांजणाचे गार पाणी आणि आमचे मासे

गेल्या फाल्गुनात आम्ही सातवीच्या मुलांनी वर्गासाठी पाच बोटुकल्या आणल्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढे माशाचे पिल्लू. त्याहून बारीक असले की त्याला जिरे म्हणतात. एका मित्राच्या मळ्यात शेततळे आहे, तिथले हे सायप्रिनस मासे.

बादली उन्हातून आणली. पाणी चांगलेच तापले होते. आम्हाला वाटले, बिचाऱ्यांना उकडत असेल! म्हणून रांजणातले गार पाणी घमेल्यात ओतले आणि मासे त्यात एकदम सोडले. ते गरकन फिरले आणि आडवे झाले. मधल्या सुट्टीपर्यंत चार मेले, एक वाचला.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कपाटातला तापमापक काढून दिला आणि म्हणाले, "आता मोजा." बादलीतले पाणी ३४ अंश सेल्सिअस, घमेल्यातले २३!

आपले अंग उन्हाळ्यात काय, हिवाळ्यात काय, ३७ अंशांच्या आसपासच राहते. माशाचे तसे नाही. त्याचे रक्त कल्ल्यांत पाण्याच्या इतके जवळ येते की अंगातली ऊब तिथेच निघून जाते. म्हणून जेवढे पाणी गरम तेवढाच मासा गरम. पाणी हळूहळू बदलले तर त्याचे शरीर जुळवून घेते. आम्ही मात्र अकरा अंशांचा फरक एका क्षणात केला.

मग मासा स्वतःला सांभाळतो तरी कसा? जागा बदलून. आपल्या गावाजवळ खेळणा नदी पूर्णेला मिळते. उन्हाळ्यात डोहाचे वरचे पाणी तापले की मासे खोल जातात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. त्यात गरमीमुळे माशाला जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे दोन्हीकडून अडचण. डोह आटला की खोल जायलाही जागा उरत नाही. मरळ तेवढा तग धरतो, कारण तो तोंड वर काढून हवेतूनही श्वास घेतो.

एक गंमत ऐका. आजारी पडल्यावर आपल्याला ताप येतो. माशाला अंग तापवता येत नाही, म्हणून काही मासे आजारात मुद्दाम जरा गरम पाण्यात जाऊन बसतात!

सगळेच मासे असे नसतात हं. समुद्रातला कुपा पोहताना स्नायूंत तयार झालेली ऊब वाया जाऊ देत नाही. त्याच्या गरम आणि थंड रक्ताच्या बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात, त्यामुळे जाणारे रक्त येणाऱ्या रक्ताला ऊब देते. ओपाह नावाच्या गोल माशाचे तर हृदयसुद्धा उबदार असते, हे शास्त्रज्ञांनी २०१५ साली जाहीर केले.

आता आमच्या वर्गातले भांडण सांगतो. पाचपैकी चार माशांना अंगभर खवले होते. पाचव्याला मात्र मोजकेच, मोठे, आरशासारखे चमकणारे. काहीजण म्हणाले, ही जातच वेगळी. पण जात एकच! एकाच गाईचे एक वासरू तांबडे, एक बांडे असते, तसेच हे. खवल्यांचा प्रकार आईबापांकडून येतो. हा मासा मूळचा आपल्या देशातला नाही. १९३९ साली त्याचा जर्मन वाण श्रीलंकेतून उटीला आणला, आणि १९५७ साली बँकॉकचा वाण आला.

काही फरक पाण्यामुळेही पडतात. एकाच जोडीची अंडी थंड आणि उबदार पाण्यात वेगवेगळी उबवली, तर पिल्लांच्या पाठीच्या मणक्यांची संख्या कमीजास्त भरते. उष्णता सोसण्याची ताकदही एकाच जातीतल्या सगळ्या माशांत सारखी नसते. जो वाचला तो आरशाचा नव्हता, साध्या खवल्यांचाच होता.

ज्या पालकांकडे शेततळे आहे त्यांनी हे जरूर वाचावे. मत्स्यबीजाची पिशवी आणली की लगेच फोडून ओतू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हात नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही असेच केले. सहाच्या सहा मासे जगले. ते आणि पहिला एक, असे सात मासे व्हरांड्यातल्या काचेच्या टाकीत आहेत. बघायला या, पण चिवडा टाकू नका.